पैसे आधीच भरलेत

"एवढ्या पैशात कप तरी घरी न्यायला मिळायला हवा," शेजारचा माणूस पुटपुटला. "का तोही परत घेतात?"

तो तसा कुणालाच उद्देशून बोलला नव्हता. विमानातलं खायच्या-प्यायच्या वस्तूंचं रंगीत कार्ड डोळ्यांपासून लांब धरून तो एकेक किंमत वाचत होता आणि प्रत्येक किमतीला नाकातून फुस्स करून हवा सोडत होता. कॉफी, फुस्स. सँडविच, फुस्स. काजूच्या इवल्याशा डबीला तर त्याने कार्डच उलटं करून पाहिलं, मागे काही सूट लिहिलीय का म्हणून.

अक्काने तोंड खिडकीकडे वळवलं. तिला हसू आलं होतं, आणि आज हसायचं तिच्या मनात नव्हतं.

विमानात बसायची तिची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला ती पार मागे, मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंचे खांदे सांभाळत बसली होती. आज पहिली रांग, खिडकी, पाय पसरायला ऐसपैस जागा, आणि मधली खुर्चीही रिकामी. या जागेचे वेगळे पैसे पडतात, हे तिला विमानात चढताना नवऱ्याच्या चेहऱ्यावरून कळलं. नवरा आणि भावजय मागे, संडासाला लागून असलेल्या रांगेत बसले होते. तिकिटं भाच्याने काढली होती. "आत्या, तुला पुढची सीट घेतलीय, पाय मोकळे राहतील," असं त्याने निरोप देताना सांगितलं, तेही तिच्याकडे न बघता, बॅगेची चेन लावता लावता.

गेल्या महिन्याभरात अक्काचा मान असा काही वाढला होता की तिचं तिलाच भय वाटायला लागलं होतं. जिने इतक्या वर्षांत कधी तिला दुसऱ्यांदा वाढायचा आग्रह केला नव्हता, ती भावजय डाळिंबाचे दाणे सोलून डब्यात घालून घरी आणून द्यायची. भाच्याने मऊ मोजे आणले. आल्टरेशनच्या तिच्या छोट्याशा दुकानात तर तिला कात्रीला हात लावायची बंदी झाली, कापलंबिपलं तर! पँटींचे घेर आणि कोटांच्या बाह्या खुंटीवर तशाच लटकत राहिल्या. लोकांना वाटलं असेल, बाईला लॉटरी लागली.

लागलं होतं ते असं, की तिच्या धाकट्या भावाचं लिव्हर निकामी होत चाललं होतं, आणि त्याला कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा हवा होता. भावजयीचा रक्तगट जुळला नाही. अक्काचा जुळला. अक्का तशी ठणठणीत. आयुष्यात कधी तापाने दोन दिवस झोपलेली नाही. मग सगळ्यांनी तिला एकच सांगितलं, तुमच्या मनावर आहे अक्का, कुणाची जबरदस्ती नाही. आणि असं सांगता सांगता तिकिटं काढून झाली.

नवराही तेच म्हणाला. त्याला सगळे मास्तर म्हणत. मोटार शिकवायच्या शाळेत जन्मभर त्याने लोकांना ब्रेक दाबायला शिकवलं. घरात मात्र स्वतः कधी कशाला ब्रेक लावला नाही. "तू ठरव," एवढं म्हणून तो टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

भाऊ स्वतः तर त्या विषयाला शिवतही नव्हता. रोज संध्याकाळी फोन करायचा आणि विचारायचा, काय जेवलीस अक्का? ती सांगायची. तो म्हणायचा, नीट जेवत जा. आवाज दिवसेंदिवस पातळ होत चाललेला. आणि फोन बंद. लहानपणी हा भाऊ तिच्या कडेवर असायचा. ती शाळेच्या वर्गाच्या दारापर्यंत त्याला कडेवरून न्यायची, आणि बाई ओरडल्या की दोघंही घरी परत यायची. असं करता करता तिची शाळा सुटली, त्याची मात्र पुढे सुरू झाली. त्याबद्दल तिने कधी तोंडातून ब्र काढला नव्हता. तिला वाईटही वाटत नव्हतं. तो तिचा जीव होता, हे अगदी खरं होतं.

आणि तिला मरणाची भीती वाटत होती, हेही तेवढंच खरं होतं.

आज उतरल्यावर थेट हॉस्पिटल, भाऊ आधीच तिथे दाखल होता. शेवटचा स्कॅन उपाशी पोटी करायचा होता. तो ठीक निघाला की परवा सकाळी ऑपरेशन. कालच्या रात्रीपासून तिच्या पोटात घोटभर पाण्यापलीकडे काही नव्हतं, आणि ते तसंच राहायला हवं होतं. काही खाल्लं तर आजचा स्कॅन हुकणार, परवाची वेळ दुसऱ्या कुणाला जाणार, आणि त्यानंतरची तारीख भाऊ गाठेल की नाही, ते कुणी बोलत नव्हतं. विमानतळावर भावजयीने तीन वेळा बजावलं होतं, काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही हं अक्का. लहान मुलाला नाकात बोट घालू नको सांगतात, त्या आवाजात.

पडदा सरकला आणि विकायची गाडी बाहेर आली. गाडीची रुंदी अशी की बोळ अगदी गच्च भरला. बाजूने मांजरसुद्धा गेलं नसतं. एक मुलगी गाडी ढकलत होती आणि दुसरीच्या हातात छापील कागद होता. कागदवाली मुलगी आधी अक्कापाशीच आली. खुर्चीचा नंबर पाहून तिने एक पुठ्ठ्याचा डबा पुढे केला.

"मी काही मागवलं नाही," अक्का म्हणाली.

"तुमचंच आहे मॅडम. पैसे आधीच भरलेत. तिकिटासोबतच घेतलंय."

डबा हातात आला. झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर अक्काचं नाव होतं, छापलेलं, पूर्ण. ती डबा घेऊन तशीच बसून राहिली. समोर नुसती भिंत, पुढच्या खुर्चीच्या पाठीतून पाडून घ्यायचं टेबल काही दिसेना.

"हाताखाली आहे ताई," शेजारचा म्हणाला. "ते झाकण उघडून वर ओढा. मागच्या वेळी मलाही सापडलं नव्हतं, सगळी कॉफी मांडीवर घेतली होती." मग ओळख दिल्याशिवाय मदत करणं बरं दिसत नाही म्हणून असेल, आपण नळ आणि पाइपांचे व्यापारी असल्याचं त्याने सांगून टाकलं. टेबलही त्यानेच काढून दिलं.

त्यालाही शेवटी कॉफीचा मोह झाला. फुस्स करत त्याने नोट पुढे केली. मुलगी म्हणाली, आम्ही रोख घेत नाही, फक्त कार्ड. कार्ड होतं वर, बॅगेत. आणि वरची फळी उघडायची तर गाडी मागे घ्यायला हवी. गाडी काही मागे जाईना. नळवाल्याने नोट उजेडात धरून पाहिली, जणू दोष तिचाच होता, आणि फुकटचं अर्धा पेला पाणी घेऊन तो बसला. गाडी मागच्या रांगेकडे सरकली.

"तुम्ही घ्या हा डबा," अक्का त्याला म्हणाली. "मला नकोय."

"छे छे. तुमच्या माणसांनी हौसेने घेतलाय."

"माझी तपासणी आहे. खायचं नाहीये."

"मग उघडूच नका," तो गंभीरपणे म्हणाला. "वास नाकात गेला की संपलं."

अक्का डब्याकडे पाहत राहिली. हौसेने घेतलाय, हे खरंच होतं. तिकिटं काढताना संगणकाने विचारलं असेल, जेवण हवं का? मास्तरांना नको, आईला नको, आत्याला हवं. सगळ्यात महागडं निवडलं असेल त्याने. उपाशी पोटाचं भान त्याला राहिलं नाही. कसं राहील? त्याच्या डोक्यात एकच असणार, आत्याला काही कमी पडायला नको. पुढची सीट, खिडकी, मोजे, डबा. बिचारा जमेल तिथे पैसे भरत सुटला होता.

तो का भरत सुटला होता, तेही अक्काला माहीत होतं. आणि अक्काला माहीत आहे हे इतर कुणालाही माहीत नव्हतं.

महिन्यापूर्वी तो तिच्या दुकानात कोट घेऊन आला होता. नवी नोकरी, कोट खांद्यात मोठा. ती तोंडात टाचण्या धरून मापं घेत होती आणि त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लोंबत होतं. फोटो, नाव आणि खाली लाल अक्षरांत रक्तगट. बापाचाच. भावजयीने तर आधीच सगळ्यांना सांगितलं होतं, की पोराचा जुळला नाही, नाहीतर त्यानेच दिलं असतं. अक्काने ती लाल अक्षरं पुन्हा एकदा वाचली. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे बोलायचा प्रश्नच आला नाही. टाचण्या काढल्यावरही ती बोलली नाही. कोट मात्र तिने असा बसवून दिला की पोरगा आरशात स्वतःकडे बघतच राहिला.

पुढे पहिल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत घेतलं. कागदावर पेनाने लिव्हर काढून दाखवलं, इथून इथपर्यंत कापू, म्हणाल्या, काही महिन्यांत परत वाढतं. अक्का मान डोलवत होती. तिचा सगळा जन्म खडूने रेघ मारून कापण्यात गेलेला. कापलेलं कापड वाढताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं. मग डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवून विचारलं, कुणाचा दबाव नाही ना? नको असेल तर आत्ता सांगा, ऑपरेशनच्या सकाळी सांगितलंत तरी चालेल. आम्ही बाहेर एवढंच सांगू की तुमचं जुळत नाही. खरं कारण कुणाला कळणार नाही.

दाराखालच्या फटीतून भावजयीच्या चपला दिसत होत्या.

"नाही नाही," अक्का म्हणाली होती, "मी माझ्या मर्जीनेच देतेय."

मागून गरम पाण्याचा आणि मसाल्याचा वास आला. कुणीतरी कपातले नूडल्स घेतले होते. तो वास रांगा ओलांडत पुढे आला आणि अक्काच्या पोटात कालपासून गप्प बसलेलं काहीतरी उठून उभं राहिलं. तिने मागे वळून पाहिलं. गाडी विमानाच्या मध्यावर होती. तिच्या पलीकडे, पार टोकाला, भावजय अर्धवट उठून इकडे बघायचा प्रयत्न करत होती. तिचा अंबाडा तेवढा खुर्च्यांवर दिसत होता, वरखाली होणारा. भावजयीला डबा दिसलेला नसणार. आणि दिसला असता तरी ती येऊ शकत नव्हती. मधे गाडी होती. कॉफी ओतली जात होती, कार्डं घासली जात होती, काजूंच्या डब्या शोधल्या जात होत्या. ते संपून गाडी परत येईपर्यंत या बाजूला तिच्या माणसांपैकी कुणीही पोचू शकत नव्हतं. महिनाभरात असा वेळ अक्काच्या वाट्याला आला नव्हता.

तिने डबा उघडला.

नळवाला काहीतरी बोलणार होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कार्ड पुन्हा वाचायला घेतलं.

सँडविच थंडगार होतं. चीज टाळूला चिकटत होतं आणि पाव कापसासारखा. अक्काने ते कडांसकट खाल्लं. घाई केली नाही, पण मधे थांबलीही नाही. एकेक घास गिळताना तिला माहीत होतं की हा आजचा स्कॅन चालला, ही परवाची सकाळ चालली. भावाचा पिवळा पडलेला चेहरा, फुगलेलं पोट आणि काड्या झालेले हात तिच्या डोळ्यांसमोर होते आणि ती खात होती. मग केक होता, तोही खाल्ला. रसाच्या खोक्याला नळी टोचली आणि तळाशी खुर्रर्र वाजेपर्यंत ओढलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही, कारण दोन्ही हात चिकट झाले होते. नळवाल्याने न बघता आपला कागदी रुमाल मधल्या खुर्चीवर ठेवला.

खाऊन झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. पोट भरलेलं आणि पाय गार पडलेले, अशी ती बसून राहिली.

विमान खाली झुकायला लागलं. गाडी खडखडत परत आली, पडद्याआड गेली, आणि तिच्या मागोमाग भावजय आली. हातात शाल होती. पुढे थंडी वाजत असेल म्हणून आणली, असं ती मोठ्याने म्हणतच आली आणि मग तिला डबा दिसला. उघडा, रिकामा, पावाचे कण आणि चुरगळलेला कागद.

पट्ट्याचा दिवा लागला होता. मागे जाता येणार नाही, इथेच बसा, असं मुलीने भावजयीला बजावलं. नळवाल्याने पाय आक्रसून वाट दिली. ती मधल्या खुर्चीत बसली, पट्टा बांधला, आणि दोघी समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

थोड्या वेळाने भावजयीने शाल अक्काच्या मांडीवर पसरली. आधी मांडीवरचे कण तिने एकेक करून टिपले आणि मुठीत धरले. टाकायला जागा नव्हती.

"चुकून खाल्लंत ना," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ. "होतं असं. उपाशी माणसाला भान राहत नाही. आपण डॉक्टरांना सांगू, चक्कर आली म्हणून द्यावं लागलं. त्यांच्या हातापाया पडते मी. उद्या पहाटे करून घेऊ स्कॅन. मास्तरांना नका सांगू, उगाच त्यांच्या जिवाला घोर."

अक्का ऐकत होती. केवढं सोपं करून दिलं होतं पोरीने! हो म्हटलं की संपलं. आज रात्री पुन्हा उपाशी झोपायचं, उद्या पुन्हा उठायचं. किंवा आज डॉक्टरीणबाईंना एकीकडे गाठून सांगायचं, मग बाहेर कळेल की जुळत नाही, आणि भावजय गळ्यात पडून रडेल, म्हणेल, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत अक्का. पुढचा सगळा जन्म तो मान तसाच राहील. डाळिंबं येत राहतील.

खिडकीत घरांची छपरं दिसायला लागली होती.

"चुकून नाही गं," अक्का म्हणाली. "मला माहीत होतं. बघून, विचार करून खाल्लं."

भावजय शालीची कड सारखी करत राहिली.

"मला द्यायचं नाहीये. तो जगावा असं मला वाटतं. पण मला नाही द्यायचं. मला भीती वाटते."

"हळू बोला," भावजय म्हणाली. नळवाला डोळे मिटून बसला होता. इतके घट्ट की तो झोपलेला नाही हे कुणालाही कळावं.

मुलगी कचऱ्याची पिशवी घेऊन आली. अक्काने कागद टाकला, रसाचं खोकं टाकलं. भावजयीने मूठ काही उघडली नाही. डबा टाकायला तिने दुसऱ्या हाताने उचलला, आणि झाकणावरची चिठ्ठी तिच्या नजरेला पडली. अक्काचं नाव तिने वाचलं. मुलगी पिशवीचं तोंड धरून थांबली होती, आणि मग न घेताच पुढे गेली.

"हे त्याने भरलं?" भावजयीने विचारलं.

"हो. तिकिटासोबतच."

"मला बोलला नाही." तिने चिठ्ठीची कड नखाने उचकली, पुन्हा चिकटवली. "रात्रभर जागा असतो. सारखं काही ना काही आणत असतो तुमच्यासाठी. मी म्हणते, आण, आत्याला काही कमी पडू देऊ नकोस." तिने डबा मांडीवर ठेवला. "तुम्ही मला शिव्या का देत नाही हो अक्का? एवढ्या दिवसांत एकदा तरी विचारायचं होतंत."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. टाचण्या तोंडात नव्हत्या, तरी तिला बोलता येईना. तिने भावजयीच्या मिटल्या मुठीवर हात ठेवला.

चाकं जमिनीला लागली. सगळं विमान हादरलं, डबा भावजयीच्या मांडीवरून घसरून खाली पडला, आणि मागे कुणीतरी पट्टा सोडल्याचा आवाज आला.

"त्याचा जुळतो," भावजय म्हणाली. "रक्त जुळतं, सगळं जुळतं. तुमच्या आधी त्याचीच तपासणी झाली होती, अक्का. तो तयार होता. मीच नको म्हटलं."